रत्नमालाचं खातं तेवढं चालू

"बटण दाबून तुम्ही सहा जिवंत माणसं खोटी ठरवली आणि खाली स्वतःचं नाव लिहायची हिंमत तुम्हाला झाली नाही. घुबडाचं चित्र लावून बसलात. घुबडाला दिवसा दिसत नाही म्हणतात. तुम्हाला कधी दिसतं?"

एवढं लिहून करुणानं 'पाठवा'वर बोट नेलं, तर झीशाननं की-बोर्डच ओढून घेतला.

"ताई, ऐसा नक्को लिखो. गाली दिये तो वो पूरा दरवाजाच बंद कर देता."

"दरवाजा उघडा कुठंय अजून?"

"खिडकी है ना थोडीशी. मैं इंग्लिश में इज्जत से लिखता." असं म्हणून त्यानं तिची चार वाक्यं सफाचट केली. दुकान त्याचं, कंप्युटर त्याचा. 

छावणीच्या बाजारात झीशानचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. करुणा वाळूजला कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते. पहिली पाळी सुटली की बस तिला साडेतीनला छावणीत सोडते आणि ती सरळ या दुकानात येऊन बसते. कंप्युटरचं शिक्षण म्हणाल तर शून्य. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकली. कशासाठी, तर संघपालसाठी.

संघपाल तिचा धाकटा भाऊ. नवव्या वर्षी तापात डोळे गेले. आंधळ्या माणसाला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्यावर तो सगळं करतो. ते फुकट मिळतं, कोणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरातली माणसं मिळून चालवतात. त्यात काही कमी वाटलं तर आपण तो तुकडा लिहायचा, त्यांच्या इंटरनेटवरच्या भांडारात द्यायचा, तिथल्या लोकांनी तपासायचा आणि मग तो सगळ्यांचा. अशा तुकड्याला ॲड-ऑन म्हणतात. ऐकायला किती ग्वाड!

तीन महिन्यांपूर्वी संघपालला एका संस्थेच्या कार्यालयात घेतलं. वैजापूरकडच्या गावांतून आलेले मराठी अर्ज वाचायचे आणि कोणता कुठं जाणार ते लावून द्यायचं. आता त्या सॉफ्टवेअरची गंमत बघा. मराठी मजकुरात आकडा आला की ते हिंदीत घुसायचं, आणि जुन्या फॉन्टात टाइप केलेला अर्ज आला की दोन-दोन ओळी गिळायचं. साहेब म्हणाला, सोमवारी साडेदहाला मी शेजारी बसतो, दहा अर्ज वाचून दाखव. जमलं तर कायम. नाही तर जिन्याजवळची खुर्ची आहेच, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची.

करुणानं त्याच्या नोकरीच्या आधीपासूनच आठ महिने खपून ॲड-ऑन लिहिला होता. झीशानच्या कंप्युटरवर संघपाल अर्ज असा वाचायचा जसा तलाठी वाचतो. पण कार्यालयाचा नियम होता : अधिकृत भांडारात असेल तेच मशीनवर चढेल, बहिणीनं घरी केलेलं चालणार नाही.

म्हणून मग भांडार. पहिल्यांदा परत आलं. फोल्डरचं नाव चुकलं होतं. तिनं दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा परत आलं. हे कोणीही वापरावं असं सांगणारा परवान्याचा कागद नव्हता. जोडला. तिसऱ्यांदा भांडारातल्या तपासणाऱ्यानं, म्हणजे नावाऐवजी घुबडाचं चित्र लावलेल्या त्या घुबडानं लिहिलं, निदान पाच वापरणाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासून शेरा दिला पाहिजे. यात काय अवघड? संघपालनं अंधशाळेतले जुने सोबती गोळा केले : राजकुमार, रूपा, फकिरा, रत्नमाला. पाचवा तो स्वतः, सहावा झीशान. रविवारी दुपारी सगळे दुकानात जमले. प्रत्येकानं खातं उघडलं, नाव, जन्मतारीख, आधार कार्डावर आहे तस्सं भरलं. तासभर ॲड-ऑन चालवून बघितला. शेरे दिले. रूपानं तर पानभर लिहिलं.

बुधवारी सातांपैकी सहा खाती बंद. त्यात करुणाचंसुद्धा. कारण? इंग्रजीत दोन शब्द, झीशाननं मराठी करून सांगितले : नमुना जुळतो.

कसला नमुना? कोणाशी जुळतो?

आणि गंमत म्हणजे रत्नमालाचं खातं चालू होतं.

"हिनं काय वेगळं केलं बुवा?" संघपाल म्हणाला. फोन लावला. रत्नमाला पलीकडून म्हणाली, "मी काय करणार? मी आपलं 'बरं आहे' एवढंच लिवलं. मला घरी जायचं होतं."

"बघा!" राजकुमार म्हणाला. तो त्या दिवशी दुकानातच होता. "रूपानं निबंध लिवला, तिथंच माशी शिंकली. लई गुण गायले की संशय येतो."

"तू तर दोन ओळीच लिवल्या ना? मंग तुझं कामून बंद?"

संघपालनं त्याला तिथंच अडवलं. मग वाटलं, एकाच कंप्युटरवरून सगळ्यांनी लिहिलं म्हणून असेल. पण रत्नमालाही त्याच खुर्चीवर बसली होती. मग वाटलं, सगळ्यांनी सुरुवातीला 'जय भीम' लिहिलं म्हणून. पण झीशाननं 'सलाम' लिहिलं होतं आणि त्याचंही बंद. रत्नमालानं 'जय भीम' लिहिलं होतं आणि तिचं चालू. 

तिच्या कारखान्यात एक नियम आहे. तुकडा नापास केला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची. काय चुकलं, किती चुकलं, कोणी तपासलं, सही. चिठ्ठी नसेल तर तुकडा नापास धरतच नाहीत, उलट तपासणारीलाच बोलणी बसतात. लोखंडाच्या तुकड्याला एवढा मान. सहा माणसांना दोन शब्द.

झीशाननं इज्जतीत लिहिलं की कंप्युटर एक होता पण माणसं वेगळी आहेत. घुबडाचं उत्तर गुरुवारी आलं : कंप्युटर एक असायला हरकत नाही, गरीब भागात तसं असतं हे आम्हाला माहीत आहे, ओळखपत्रं पाठवा. सहा आधार कार्डं पाठवली, नंबर झाकून. शुक्रवारी दुपारी उत्तर : या कागदांनी आमचा संशय पक्का झाला.

"पक्का?" करुणा ओरडली. "सरकारी कार्ड बघून पक्का?"

झीशाननं कार्डांचे फोटो परत परत मोठे करून बघितले. नावं बरोबर, फोटो बरोबर. चुकलं काय ते त्यालाही दिसेना, करुणालाही दिसेना. ती रोज केसाएवढी चीर पकडणारी बाई, आणि तिला सहा कार्डांत काही सापडेना!

शनिवारी तिला सुट्टी. मनकर्णाबाई, म्हणजे तिची माय, बाजार करून तिथंच दुकानात टेकली होती. संघपाल म्हणाला, "अक्का, रविवारी आपण फॉर्मात जे भरलं त्याची यादी आहे ना तुझ्याकडं? तुझ्याच ॲड-ऑननं वाचू दे. तुम्हाला डोळे आहेत म्हणून दिसंना गेलंय."

तिनं यादी उघडली. मशीन स्वच्छ मराठीत वाचायला लागलं.

"करुणा, एक जून. संघपाल, एक जून. झीशान, एक जून. राजकुमार, एक जून. रूपा, एक जून. फकिरा, एक जून. रत्नमाला, एकोणीस नोव्हेंबर."

संघपाल हसत सुटला. हसता हसता खुर्चीवरून घसरला.

"काय झालं रे?" करुणाला अजून कळलं नव्हतं. "बरोबरच तर हाय. माझी एक जूनच हाय."

"सगळ्यांचीच हाय, अक्का! साल येगळं, दिवस तोच. रत्नमाला दवाखान्यात जन्मली, तिच्याकडं कागद होता. बाकी आपण सगळे शाळेतल्या नानासाहेब गुरुजींसारख्यांनी तारीख टाकलेली पोरं."

"हमारे गुरुजी अलग थे," झीशान म्हणाला, "लेकिन तारीख यहीच डाले."

मनकर्णाबाईला यात हसण्यासारखं काय ते कळेना. "मंग दुसरी कोणती टाकणार? शाळेत न्यायचं, गुरुजी म्हणायचे उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर. कानाला बोट लागलं की सहा वर्षं पुरी. शाळा जूनमंदी, म्हणून एक जून. अख्ख्या गावाचा वाढदिवस एकच. काय बिघडलं?"

काही बिघडलं नव्हतं. इथं कोणालाच कधी बिघडलेलं वाटलं नाही, म्हणून तर दोन डोळ्यांच्या माणसांना सहा कार्डांत ते दिसलं नाही. पण तिकडं कुठंतरी बसलेल्या माणसाला सहा माणसं एकाच दिवशी जन्मलेली दिसली, आणि त्याला वाटलं एकच बाई सहा मुखवटे घालून स्वतःच्या मालाला शाबासकी देतेय.

करुणानं झीशानकडून सगळं इंग्रजीत लिहून घेऊन घुबडाला पाठवलं : गुरुजी, कान, जून. तासाभरात उत्तर आलं. ते यंत्रानं पाठवलं होतं. हे प्रकरण बंद आहे. वापरकर्ते हवे तर नवीन खातं उघडू शकतात. आणि खाली रिकामा चौकोन : जन्मतारीख.

झीशानचे डोळे चमकले. "ताई, हो गया काम! कोई भी तारीख डालो. मैं बारा मार्च, संघपाल सात ऑगस्ट. कल तक पास, सोमवार को भाई का काम फत्ते."

"ते खोटं व्हईल ना पण," संघपाल म्हणाला.

"एक जून तरी कुठं खरी हाय?" करुणा म्हणाली, आणि बोलल्यावर तीच चमकली. ती मायकडं वळली. "माय, मी कधी झाले गं?"

"पोळ्याच्या करीला," मनकर्णाबाई म्हणाली. "बैल धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी. साल नाय ठावं. संघपाल ज्वारी काढताना."

म्हणजे खरी तारीख भरायची तर ती तारखेत मावत नाही. कागदावरची भरली तर माणूस खोटा. मनानं ठोकून दिली तर माणूस खरा. करुणानं चौकोनात बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं. असं तीनदा. कोणती बाजू प्रामाणिक तेच कळेना.

"टाक ना ताई," झीशान हळूच म्हणाला.

"तू सांग रे," ती संघपालला म्हणाली. "खुर्ची तुझी हाय."

संघपाल म्हणाला, "एकदा टाकशील. मंग पुढच्या येळी कोणी इचारलं की कार्ड दाखव, तर कार्डावर एक जून आन् खात्यात सात ऑगस्ट. तवा तर आपण खरंच खोटे. सोमवारी मी जातो. त्यांच्या बोबड्या मशीनवर जेवढं वाचता येईल तेवढं वाचतो. तू त्यांना इचार मात्र. इज्जत-बिज्जत ऱ्हाऊ दे."

झीशाननं की-बोर्ड तिच्याकडं सरकवला. सहा खाती तर बंद होतीच, आता प्रकरणासोबत तक्रारीची खिडकीही मिटली होती. मग फोन लावून रत्नमालाच्या परवानगीनं तिच्या खात्यातून करुणानं मराठीतच लिहिलं. त्यांनी करून घ्यावं इंग्रजी.

"मी करुणा. हे खातं रत्नमालाचं आहे, तिला विचारून वापरतेय, कारण तुमच्या लेखी आमच्यात ती एकटीच जन्मलेली आहे. मी कारखान्यात माल तपासते. नापास केला तर लाल चिठ्ठीवर कारण आणि सही देते. तुम्हीही फुकटात राबत असाल, मीही आठ महिने फुकटात राबले, म्हणून हात जोडत नाही, बरोबरीनं विचारते. माझा ॲड-ऑन चालतो की नाही ते तुम्ही एकदाही बघितलं नाही. बघितली ती तारीख. कागदावरची खरी लिहिली तर बंद करता, खोटी लिहिली तर आत घेता. सोमवारी साडेदहाला माझा भाऊ साहेबाच्या शेजारी बसणार आहे. त्याच्या आत, घुबडाचं चित्र काढून, स्वतःच्या नावानं सांगा : आम्ही कोणत्या दिवशी जन्मलो म्हणजे तुम्हाला चालेल? उत्तर द्या."