दहापैकी आठ

आमच्या प्रयोगशाळेत स्पर्श मोजायचं हत्यार म्हणजे भुवईचा एक केस. दात कोरायच्या काडीच्या टोकाला तो चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली, एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या अंगावरून अलगद फिरवायचा. डोक्यामागे लागला तर कृमी मागे सरकतो, शेपटीकडे लागला तर पुढे पळतो. दहा वेळा स्पर्श करायचा आणि किती वेळा हलला ते लिहायचं. निरोगी कृमी दहापैकी आठ-नऊ वेळा हलतो. अठरा वर्षं मी हेच करते आहे आणि माझा हात चुकत नाही. ही बढाई नाही. तराजू बरोबर आहे असं सांगतात ना, तसं सांगते.

केस मात्र माझा नाही. माझ्या भुवया राठ. सासूबाईंच्या मऊ, टोकाला निमुळत्या. दर दोन महिन्यांनी मी चिमटा घेऊन त्यांच्यासमोर बसते.

"माझ्या केसानं तू जंतांना गुदगुल्या करतेस आणि वर पगार घेतेस?"

"घेते की, आई."

"मग अर्धा माझा. आणि डावीकडचा उपट. उजवी भुवई आधीच विरळ झालीय, लोक म्हणतील सुनेनं छळलं."

यंदा वाद उभा राहिला तो एक्सप्रेसमुळे. ती आमची पीएचडीची विद्यार्थिनी. बोलणं, चालणं, जेवणं सगळं धावत, म्हणून हे नाव. तिच्याकडे कृमींचा एक नवा वाण होता, एका जनुकात बिघाड असलेला. तिच्या मोजणीत हे कृमी दहापैकी दोनदाच हलत. म्हणजे त्यांना स्पर्श कळत नाही, आणि स्पर्शाच्या चेतापेशींना ते जनुक लागतं, असा तिचा निष्कर्ष. तीन वर्षांची मेहनत होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी नेहमीप्रमाणे तेच कृमी, नावाच्या चिठ्ठ्या झाकून, माझ्याकडे तपासायला दिले.

मला दहापैकी आठ मिळाले.

"ताई, तुम्ही दाबत असाल," एक्सप्रेस म्हणाली. "जोरात टोचलं तर दगडसुद्धा हलेल."

"दगड हलवून दाखव, मग बोलू."

सर हसले नाहीत. "दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. शुक्रवारी बैठक आहे, तोवर ठरवा. बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण मोजणीचं यंत्र मागवायचा विचार आहेच. तुमचा हात जड झाला असेल, तर ताटल्या ओतायच्या खोलीत काम भरपूर आहे."

ताटल्या ओतायची खोली म्हणजे कृमी वाढवायच्या काचेच्या ताटल्यांत दिवसभर उकळता अगर, शेवाळाची खळ, ओतायची आणि त्या ताटल्या धुवायच्या. माझं टेबल खिडकीशी आहे. ते सोडायची माझी तयारी नव्हती, आणि सोडावं लागेल असंही वाटत नव्हतं. आठ म्हणजे आठ. प्रश्न एवढाच होता की तिचे दोन कुठून आले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि नुसती पाहत राहिले. हात चांगला होता तिचा. केस कृमीच्या अंगावर पिसासारखा टेकत होता. कार्यपद्धतीच्या वहीतली एकेक पायरी ती बरहुकूम करत होती. आणि कृमी खरंच हलत नव्हते. म्हणजे तिचा दोनचा आकडाही खरा होता.

मग ती उठली, मागच्या फळीवरून पुढची ताटली घेतली आणि थेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मी त्या फळीवर तळहात ठेवला. शेजारी जीवाणू वाढवायचं जुनं हलतं यंत्र होतं. दर दहा सेकंदांनी ते गचका खाई आणि फळीतून तो हाताला लागे.

"तुझ्या ताटल्या इथेच असतात?"

"हो, इथंच. जागा कुठेय दुसरी?"

"आणि तुलनेसाठी घेतेस ते निरोगी कृमी?"

"ते साठ्यातले. तुमच्या कपाटातले." शेवटचा शब्द तिनं सावकाश उच्चारला. हुशार मुलगी. पुढचं मला फारसं सांगावं लागलं नाही.

स्पर्श झाला की चेतापेशी जागी होते. तिच्या टोकाशी रसायनाच्या इवल्याशा पिशव्या फुटतात, रसायन एक बारीक फट ओलांडून पलीकडच्या पेशीपर्यंत पोचतं आणि ती 'मागे हो' असा हुकूम सोडते. ही फट म्हणजे सिनॅप्स. पण तोच निरुपद्रवी धक्का शेकडो वेळा आला, तर अलीकडची पेशी रसायन कमी सोडू लागते. धक्का तिला कळत असतो, ती पुढे कळवणं कमी करते. थोडी उसंत मिळाली की सगळं पूर्ववत होतं. फळीवरचे कृमी बधिर नव्हते, कंटाळलेले होते.

"सिद्ध करा," एक्सप्रेस म्हणाली.

"तूच कर. माझा हात जड आहे ना?"

निरोगी कृमी दोन तास त्या फळीवर ठेवले. तिचे अर्धा तास माझ्या दगडी टेबलावर. चिठ्ठ्या मी झाकल्या, मोजले तिनं. निरोगी: तीन, दोन, तीन. तिचे: आठ, नऊ, आठ.

तिनं आकडे पुन्हा पुन्हा वाचले. तिला इतका वेळ एका जागी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग म्हणाली, "ताई, अर्धा तास ठेवायचं वहीत कुठे लिहिलंय?"

मी वही काढली. कार्यपद्धतीची वही, माझ्याच अक्षरातली. अठरा वर्षं मी सकाळी येते, ताटल्या टेबलावर मांडते, चहा घेते, कप विसळते आणि मग मोजायला बसते. त्या अर्ध्या तासाला मी कधी पायरी समजलेच नव्हते. वहीत त्याचा उल्लेख नव्हता. पोरीनं वहीवर विश्वास ठेवला होता.

शुक्रवारी मीच आधी बोलले. आकडे मांडले आणि वही सरांसमोर उघडून ठेवली. "ही पायरी राहिली. वही माझी, चूकही माझी."

"म्हणजे अठरा वर्षं तुम्ही न लिहिलेली पायरी करत होता?"

"हो. म्हणूनच माझे आकडे बरोबर आहेत."

कोणीतरी खोकलं. एक्सप्रेस मध्येच म्हणाली, "सर, फळी माझी होती. बिघडलेले आणि निरोगी एकाच जागी ठेवायचे असतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. त्या जनुकाचा माझा निष्कर्ष गेला. ताईंच्या हाताला नावं ठेवली, तेही मागे घेते."

सरांनी पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली. "यंत्र येणारच आहे. पण त्याला कंटाळलेले कृमी दिले, तर तेही इमानदारीत दोनच मोजेल. ते बरोबर मोजतंय की नाही, हे कोण सांगणार?"

"मी सांगेन," मी म्हणाले. "माझ्याच टेबलावर बसून."

"त्या टेबलाला कोण हात लावतंय?" सर म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

बाहेर पडता पडता एक्सप्रेसनं मला गाठलं. डोळे लाल होते, पण चाल तीच. "ताई, सगळे वाण पहिल्यापासून मोजायचेत. सोमवारी शंभर ताटल्या मांडू?"

"वीस," मी म्हणाले. "आणि बसून."