एकाच बाजूचा टपालडबा

मी एक जुना टपालाचा डबा आहे. डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरची पत्रपेटी आली असेल. एखाद्याला भूकही लागली असेल! पण मित्रांनो, मी त्यातला नव्हे. पूर्वी आगगाडीला टपालाचा एक डबा जोडलेला असे आणि चालत्या गाडीत माणसे उभ्याने पत्रे वेगळी करीत. त्या डब्याची मी छोटी प्रतिकृती आहे. लांबीला मी जेमतेम एक वीत. तळाशी शिशाची पट्टी आहे, त्यामुळे दिसतो त्यापेक्षा जड लागतो.

मला कोणत्याही कारखान्याने बनवले नाही. रुळांच्या कडेला उंचावर काचेची केबिन असते ना, तिथे सिग्नल ओढणाऱ्या एका माणसाने मला बनवले. कामावर असताना त्याने मला कधी हात लावला नाही. "तिथे जरा नजर हलली तर दोन गाड्या भेटायच्या," असे तो म्हणे. रोज दुपारी टपालगाडी केबिनखालून सावकाश जाई. तो ती डोळ्यांत साठवून घेई आणि घरी येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसे.

चहाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याने माझ्या भिंती केल्या आणि त्या कथिलाने जोडल्या. लेथवर काम करणाऱ्या मित्राने पितळेची चार चाके करून दिली. छपरावर मात्र त्याने जीव ओतला. हवा जाण्याच्या टोप्या, पाणी अडवणारी पट्टी, छपरावर चढायची शिडी, काहीही सुटले नाही. उजव्या बाजूला सरकते दार, तीन खिडक्या, पत्रे टाकायची फट आणि पांढऱ्या रंगात चार आकडी नंबर. डावी बाजू? ती नुसती हिरवी. सपाट. कोरी पाटीच म्हणा ना.

त्याच्या मुलीने विचारले, "बाबा, ही बाजू राहिली की!"

"राहिली नाही. मी ती कधी पाहिलीच नाही. केबिनमधून एकच बाजू दिसते. न पाहिलेलं कशाला रंगवू?"

मुलीला हे काही पटले नाही. पण छप्पर बसवण्याआधी तिने कागदाचे नखाएवढे तुकडे कापले, त्यांची पाकिटे केली, प्रत्येकावर लाल ठिपक्याचे तिकीट काढले आणि माझ्या पोटातल्या टेबलावर त्यांची चळत रचून डिंकाने चिकटवली. नंतर छपराला कथिलाचा डाग देऊन ते कायमचे जोडले गेले आणि टपाल आत बंद झाले.

ती मोठी झाली आणि कपडे शिवू लागली. मीही कामाला लागलो. कापड कापताना कागदी नमुना हलू नये म्हणून ती मला त्यावर ठेवी. मी कितीतरी शाळकरी गणवेशांवर बसलो आहे, एका नवरीच्या झग्यावरही बसलो आहे. गिऱ्हाइकांनी हसून विचारले की ती म्हणे, "हसू नका, हा माझा सगळ्यांत जुना कामगार आहे. आजवर एकदाही रजा घेतलेली नाही." तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

पुढे तिचे हात कापू लागले. कात्री थांबली. मी टेबलाच्या खणात गेलो. खणात आधीच बटणे, रिळे आणि टेपा अशा ठासून भरलेल्या होत्या की एक दिवस कुणीतरी खण जोरात ढकलला आणि मी मागच्या फटीत पडलो. किती वर्षे पडून होतो ते मला सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजायची सोय नसते. टेबल हलले, गाडीत चढले, उतरले, एवढे कळले. शेवटी ते एका शाळेच्या हस्तकलेच्या खोलीत आले.

तिथे तो खण कुणालाच उघडेना. एक मुलगी पुढे झाली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरत नसे. तिने पाय टेबलाला लावून खण ओढला. खण आणि भिंगरी दोघेही जमिनीवर! तिने फटीत हात घातला आणि मला बाहेर काढले.

"बाई, आगगाडी!"

"शी, भंगार आहे ते," मागून कुणीतरी म्हणाले.

भिंगरीला ते झोंबले. मधल्या सुट्टीत तिने मला नळाखाली धरले आणि साबण लावून जुन्या ब्रशने घसाघसा घासले. खरे सांगू? मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी पाठ चोळत होते. पण पांढऱ्या रंगाचा एक ओघळ खाली गेला आणि तिचा हात थांबला. माझ्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गेले होते. तिने इकडेतिकडे पाहिले, मला फ्रॉकला पुसले आणि मुकाट्याने बाईंच्या टेबलावर आणून ठेवले.

हस्तकलेच्या बाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. "हे काय आहे ते मला माहीत नाही," त्या सरळ म्हणाल्या. "पण माहीत असणारं कुणी असेलच की."

जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक मुलगा लगेच बोलला. त्याला वर्गात चष्मिश म्हणत. "बाई, आमच्या चष्मेवाल्या काकांच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथे अख्खं स्टेशन आहे! डोळे तपासताना तक्त्यावरचे आकडे वाचता आले नाहीत की ते आधी रडू थांबवायला तिथली गाडी दाखवतात."

"कुणाचं रडू?" भिंगरीने विचारले.

"तेव्हा मी लहान होतो," चष्मिश म्हणाला.

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई सात मुलांना घेऊन तिथे गेल्या. दुकानामागच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीवर टेबल होते. टेबलावर डोंगर, बोगदा, पूल, फलाट, फलाटावर बाकडे आणि बाकड्यावर पेपर वाचणारा बोटाच्या पेराएवढा माणूस.  भिंगरीसुद्धा एका जागी उभी राहिली.

काकांनी मला दोन्ही हातांत घेतले. एका हातात नव्हे, दोन्ही हातांत. "सापडलेली वस्तू ओळखायची तर आधी ती बोलते ते ऐकायचं," ते म्हणाले. त्यांनी मला उलटे करून पोट पाहिले. "कंपनीचा शिक्का नाही. सांध्यावर कथिल दिसतंय. म्हणजे घरी बनवलाय." मग त्यांनी पट्टीने माझ्या दाराची उंची मोजली. "पंचवीस मिलिमीटर. खऱ्या गाडीचं दार साधारण दोन मीटर धरा. म्हणजे खरी गाडी याच्या कितीपट मोठी?"

चष्मिशने बोटांवर हिशेब केला. "ऐंशी!"

"शाबास. म्हणजे बनवणाऱ्याने मापात काम केलंय. हे खेळणं म्हणून नव्हे, आठवण म्हणून केलेलं दिसतंय." त्यांनी मला फिरवले आणि कोरी बाजू पाहून त्यांची भुवई वर गेली. मग छपराकडे ते बराच वेळ पाहत राहिले. "छपराचा खिळा न् खिळा आहे, एक बाजू आहे आणि दुसरी नाहीच. असं कुणाला दिसेल, बरं?"

मुलांनी अंदाज केले. पुलावरून जाणारा? त्याला दोन्ही बाजू दिसतील. फलाटावरचा? त्याला छप्पर दिसणार नाही. शेवटी एका शांत मुलीने काकांच्याच टेबलावरच्या काचेच्या छोट्या केबिनकडे बोट दाखवले. "तिथून?"

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मित्रांनो, माझा बाबा कोण होता हे इतक्या वर्षांनी कुणीतरी मला न विचारता ओळखले!

"नंबर पूर्ण असता तर जुन्या यादीत खरा डबाही सापडला असता," काका हळहळले.

"जुन्या वस्तूंचं असंच व्हायचं," बाई म्हणाल्या. भिंगरी बुटाच्या टोकाकडे पाहत होती.

मग काकांनी डोळे तपासायची बारीक बॅटरी काढली आणि माझ्या पिवळ्या पडलेल्या खिडकीत उजेड सोडला. "अरे! आत टपाल आहे!"

एकच झुंबड उडाली. सगळ्यांनी रांगेने आत डोकावून पाहिले.

"छप्पर उघडून एक पाकीट वाचू या?" चष्मिशने विचारले.

"दुसऱ्याचं टपाल वाचतात होय?" काका म्हणाले आणि सगळे हसले. भिंगरी हसली नाही. तिची पाळी आली तेव्हा ती खिडकीत खूप वेळ पाहत राहिली.

मुले निघाली. दारापर्यंत गेलेली भिंगरी एकटीच परत आली.

"काका, नंबर जुना होऊन गेला नाही. मी घासला. साबणाने."

 तिचे कान लाल झाले होते.

काकांनी स्टूल पुढे ओढून तिला बसवले. "मी तुझ्याएवढा असताना माझ्या मामाचं इंजिन बादलीत बुडवून ठेवलं होतं. चांगलं भिजावं म्हणून. तीन दिवस! ते पुन्हा कधी हललं नाही." भिंगरीने मान वर केली. "पण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी आमच्यापैकी कुणाकडे नाही. तू तो नंबर पाहिलास. डोळे मीट. काय होतं?"

तिने डोळे गच्च मिटले. "शेवटी गोल होता. शून्य. त्याच्या आधीचं... नाही आठवत."

काकांनी वही काढली आणि माझ्या नावाखाली लिहिले: 'शेवटचा आकडा शून्य. प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार, भिंगरी.' तिने ती ओळ दोनदा वाचली.

त्या वहीतल्या नोंदीमुळे मी तिचा आणि ती माझी झाली. दर शनिवारी मुले येऊ लागली. मला काकांच्या रुळांवर ठेवले तर चाके बसेनात. त्यांच्या रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर आणि माझ्या चाकांत एकोणीस! "चाकं बदलायची का?" कुणीतरी विचारले.

"मुळीच नाही," भिंगरी म्हणाली. "याचं आता काहीही जायचं नाही. रूळच नवे करू."

मग काय, कामच सुरू झाले. चष्मिशने पुठ्ठ्याचे एकोणीस मिलिमीटरचे माप कापले. आइस्क्रीमच्या काड्या कापून रुळांखालचे आडवे स्लीपर झाले. काकांनी तार सरळ करून दिली, बाईंनी ती चिकटवायला शिकवली. शांत मुलीने लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन गवत केले. पाच शनिवार गेले. पहिल्या खेपेला मी दोन वितांवरच घसरलो. माप पुन्हा लावले, तार पुन्हा बसवली. सहाव्या शनिवारी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी रुळांवरून चाललो, मित्रांनो! चाकांचा तो खडखडाट मला स्वतःलाच नवा होता.

आता मी खणात नसतो. टेबलावर असतो आणि मला हाताळायचे नियम मुलांनीच भिंतीवर लावले आहेत: हात कोरडे हवेत, उचलताना दोन्ही हात हवेत, धूळ मऊ ब्रशने काढायची आणि पाण्याच्या आधी विचारायचे. तुम्हालाही एखाद्या खणामागे, माळ्यावर किंवा जुन्या पेटीत माझ्यासारखे कुणी सापडले तर एवढे करा. त्याला चकचकीत करायच्या आधी नीट पाहा. कुणी, कसे, कुठे बसून बनवले असेल ते विचारा. आणि विचारायला संकोच वाटत असेल तर चष्मेवाल्या काकांसारखे कुणी ना कुणी तुमच्याही गल्लीत असतेच. असा छंद असलेल्या माणसाला फक्त कुणीतरी विचारायची खोटी असते.

मागच्या शनिवारी भिंगरी स्वतः बनवलेला डबा घेऊन आली. पुठ्ठ्याचा प्रवासी डबा. त्याला इतक्या खिडक्या होत्या की भिंत शोधावी लागे. "खिडकीवरून भांडणं नकोत," ती म्हणाली. तो थोडा उजवीकडे कललेला होता. काकांनी तो माझ्यामागे तारेच्या आकड्याने जोडला आणि आम्हाला हलकेच ढकलले. वळणावर नवा डबा कलंडला, त्याने मलाही ओढले आणि आम्ही दोघे हिरव्या भुशात लोळलो.

सगळी खोली हसली. भिंगरीने आधी मला उचलले, दोन्ही हातांनी, आणि मग आपला डबा.

"सोडू पुन्हा?" काकांनी विचारले.

"थांबा," भिंगरी म्हणाली आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून आपल्या डब्याचे चाक डोळ्यांसमोर धरून बसली. "आधी हे का कललं ते बघते."