तुला बरं वाटेल तसं कर

मी इन्शिराहचा मोबाईल बोलतोय. अलेक्झांड्रियात, समुद्राकडे तोंड असलेल्या तिच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत माझे दिवस जातात. दुपारचा खारा वारा आला की मलाही पेंग येते.

लग्न होऊन अस्वानला जाताना तिच्या मुलीने, दालियाने, मला आईच्या हातात दिलं. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं माझ्यातून वाहतं. अक्षरं मी जशीच्या तशी पोचवतो. आवाज मात्र वाटेतच कुठेतरी विरून जातो.

इन्शिराह विधवा. खालच्या मजल्यावरच्या लुत्फी घड्याळजींनी तिला मागणी घातली. बरेच दिवस मनात घोळवून तिने मुलीला लिहिलं, ‘लुत्फींना हो म्हणू का?’

पलीकडून टिंबं नाचली, थांबली, पुन्हा नाचली. मग उत्तर आलं. ‘तुला बरं वाटेल तसं कर.’

इन्शिराहने ते मायेने वाचलं आणि गालात हसली. तेवढ्यात शेजारीण ऐदा भाजी निवडायला आली. तिने नाक मुरडून वाचलं.

“रुसलीय ही. शेवटी टिंब बघ कसं ठोकलंय. बदाम नाही, काही नाही.”

“टिंब ती नेहमीच देते गं.”

“बापाच्या जागी दुसरा येतोय म्हटल्यावर नेहमीचं कसलं डोंबलाचं?”

मग इन्शिराहला त्याच ओळीत राग दिसू लागला. तिने लुत्फींना नकार लिहिला. अंगठा काचेजवळ नेला आणि तिथेच थांबली. तिच्या श्वासाने मी धुरकटलो. तिने नकार पुसला, दालियाला फोन लावला.

“मला वाचता येत नाहीये गं. तूच तुझ्या तोंडाने वाचून दाखव.”

पलीकडे नाईलवरच्या बोटीची फटफट ऐकू येत होती.

“आई, लिहिलं ते रागातच. बाबा आठवले. पाठवायच्या आधी पुन्हा वाचलं, तर वाटलं, मनापासूनही मला हेच म्हणायचंय. मग एक अक्षरही बदललं नाही.”

“आणि आता?”

दालियाने सावकाश वाचलं. शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कापरा झाला.

“पुन्हा वाच,” इन्शिराह म्हणाली.

आता लुत्फी वर राहायला आलेत. दालिया त्यांना अजून परक्यासारखं ‘उस्ताद’च, म्हणजे ‘साहेब’, म्हणते, पण सुट्टीला येते. माझी काच तडकलीय, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. एवढंच मागणं आहे. माझ्यावर आलेली ओळ बोचली, तर शेजारणीला दाखवू नका. जिने लिहिली तिलाच वाचायला सांगा. तेवढा जीव माझ्यात अजून आहे.