ढालीचा भाव

…ढालीच्या कार्डाचा एक कोपरा दुमडला होता, आणि त्या कोपऱ्यावर धैर्यशीलचं बोट टेकून राहिलं होतं. मग त्या बोटाने कार्ड हळूच पुढे ढकललं, चहाच्या कपाला वळसा घालून, थेट राजेश्वरीसमोर.

"ही बी घ्या शेट," तो म्हणाला. "भाव तुमीच सांगा."

भाव तुम्हीच सांगा… हे वाक्य धैर्यशीलचं नव्हे. उंब्रजच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी म्हातारीशी तासभर हुज्जत घालणारा, आणि मग तिचीच पाटी डोक्यावर घेऊन तिला रस्ता ओलांडून देणारा राजेश्वरीचा हा धाकटा भाऊ, खेळातही तसाच. घासाघीस झाली नाही तर त्याला वस्तू घेतल्यासारखीच वाटायची नाही.

खेळ तसा साधा. रविवारी दुपारी विश्रामबागेतल्या तिच्या फ्लॅटमध्ये टेबलाभोवती बसायचं. राजेश्वरीने गोष्ट रचायची, सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडचणीच्या जागी काय घडणार ते फाशाने ठरवायचं. मिळालेल्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. आर्जव आणि ब्राह्मी हे शेजारचे नवरा-बायको, आणि तिसरा धैर्यशील — पलटणीत असला की फोनवरून, रेंज मिळेल तसा, आणि आज सुट्टीवर असल्यामुळे प्रत्यक्ष. खेळातल्या त्याच्या माणसाचं नाव गुंडा. मेंढपाळाचा सैनिक झालेला. वस्तू घ्यायच्या-विकायच्या असल्या की राजेश्वरी बाळगोंडा शेट व्हायची, सरहद्दीवरच्या गावातला जादूच्या वस्तूंचा व्यापारी. जतच्या एका कापडदुकानदाराचा कानडी हेल तिने त्याला दिला होता आणि स्वभाव दिला होता संशयी. समोर आलेली वस्तू तो आधी हुंगायचा, आणणाऱ्याकडे नंतर बघायचा.

आज आल्या आल्या गुंडाने पावलांचा आवाज न करणारे जोडे विकले. मग विष जवळ आलं की काळी पडणारी अंगठी. आणि आता ही ढाल — मारलेला बाण मारणाऱ्याकडेच परत पाठवणारी. ती मिळवायला त्याने सबंध एक पावसाळा घालवला होता. कुठल्याशा चौकीवरून कुजबुजत्या आवाजात फासे टाकायला सांगायचा, आक्का, माझ्या नावानं टाक… आणि मिळाली तेव्हा तिकडे त्याच्यामागे दोघं-तिघं हसल्याचं फोनवर ऐकू आलं होतं. त्या हसणाऱ्यांपैकी एकाचंही नाव या सुट्टीत त्याच्या तोंडून निघालेलं नाही — हे तिच्या आत्ता लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर ते बाकीच्या गोष्टींना जाऊन चिकटलं.

बाकीच्या गोष्टी म्हणजे, मोटारसायकल त्याने चुलतभावाला देऊन टाकली, नुसती पडून गंजतीय म्हणून. सुट्टी वाढवून घेतली म्हणून तिला सांगितलं. आईला सांगितलं की साहेबांनीच वाढवून दिली. फोन वाजला की उठून गॅलरीत जातो, आणि तिथे बोलत नाही, नुसता वाजू देतो. सकाळी सुरेखाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला होता. "वन्सं, तुमच्यासंगं तरी बोलत्यात का बघा. माज्यासंगं जेवन झालं का, एवढंच." आणि राजेश्वरीने मोठ्या बहिणीच्या आवाजात, बोलते मी, म्हणून सांगितलं होतं. बोलते म्हणजे काय बोलते… मी विचारू तरी काय?

मागच्या वर्षी राजेश्वरी शिकवते त्या कॉलेजच्या हॉस्टेलवर एका मुलीने आपला स्वेटर, छत्री, चांगली चांगली पेनं मैत्रिणींना वाटून टाकली होती. किती मनाची मोठी, असं सगळे म्हणाले. आठवड्याने तिने जीव दिला, आणि छत्रीचा अर्थ कळला तेव्हा ती छत्री कुणाला हातात धरवेना… राजेश्वरीने ढालीच्या कार्डाला हात लावला नाही. पण सकाळी तो तीन भाकऱ्या जेवला होता, ठेचा मागून घेतला होता. असं काही मनात असलेला माणूस ठेचा मागून घेतो का? की घेतो — कुणाला शंका येऊ नये म्हणून नेमका घेतो? सकाळपासून ती असंच करत होती. त्याचं प्रत्येक साधं वागणं उलटं करून त्याच्या अस्तराची शिवण तपासत होती.

"मला दे की रे," आर्जव म्हणाला. "शेटला कशाला विकतोस?"

"घे तूच. काय द्यायचं ते दे."

"थांबा," राजेश्वरी म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या नकळत बाळगोंडाचा झाला. "माल माझ्या दुकानात आलाय. गुंडा, ढाल का विकतोस?"

"कारन इचारू नगा शेट."

"कारण कळल्याशिवाय हे दुकान माल घेत नाही. चोरीचा असला तर?"

"चोरीचा न्हाई. तुमाला ठावं हाय."

"मग सांग."

बाळगोंडाला विचारता येत होतं. त्याला भाऊ नव्हता, त्याला सुरेखाचा फोन आला नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत निर्लज्जपणे बघू शकत होता. राजेश्वरी त्याच्या आडून बघत राहिली. ब्राह्मीने हातातला फासा खाली ठेवला. तिला काही कळलं असावं, किंवा नुसता कंटाळा आला असावा.

धैर्यशीलने कपातला गार चहा संपवला.

"ढाल असली की म्होरं उभं ऱ्हावं लागतंय," तो म्हणाला. "सगळी म्हनत्यात, गुंडाकडं ढाल हाय, गुंडा म्होरं. मागच्यांचं काय हुतंय ते म्होरच्याला दिसत न्हाई. वळून बघस्तोवर…"

तो थांबला.

"आनि भाव म्हनाल तर," तो पुन्हा बोलू लागला, आता जरासा हसून, पण तिच्याकडे न बघता, "पैका नगं. तुमच्या दुकानात असं काय हाय का, की जे अंगावर घातलं की मला कुनी म्होरं बोलवनार न्हाई?"

"अदृश्य व्हायचा शेला आहे."

"त्यो नगं. दिसू दे की मी. घरात, रानात, समद्यांना दिसू दे. फकस्त बोलवू नये."

म्हणजे हे. म्हणजे तो जायचं म्हणत नव्हता, राहायचं म्हणत होता — राजेश्वरीच्या छातीवरचा सकाळपासूनचा दगड खरोखरच सरकला; तिने श्वास घेतला. आता फक्त 'आहे' म्हणायचं. दुकान तिचं, गोष्ट तिची. तिने म्हटलं की फळीवर वस्तू तयार. एखादी घोंगडी, एखादा ताईत, काहीही… आणि बाळगोंडाने ते म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण बाळगोंडा आला नाही. त्याच्याऐवजी उंब्रजच्या घरातली फोटोंची भिंत आली: वर्दीतले आजोबा, वर्दीतले आबा, त्यांच्या खाली धैर्यशील. जत्रेला येणारा पाहुणा आधी त्या भिंतीसमोर उभा राहायचा, आणि लहानपणापासून ती पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघत आली होती. आबांना हे कोण सांगणार? गावात काय म्हणतील… आणि मग, कुणी न बोलावता, अगदी स्वच्छ: ज्या गोष्टीला मी सकाळपासून भीत होते तिच्यात निदान त्याचा फोटो खाली उतरवावा लागला नसता.

हे आपण म्हणालो. कुणी ऐकलं नाही, पण आपणच म्हणालो.

"शेट?" आर्जवने हलकेच विचारलं. "आहे का तसं काही?"

ती कार्डाच्या दुमडलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मान वर करावी असं तिला वाटेना. धैर्यशील आता आपल्याकडे बघत असणार. आणि सकाळपासून आपण जसं त्याच्याकडे बघत आलो, हसलेलं, जेवलेलं, सगळं उलटं करून, अगदी तसंच बघत असणार…