ज्याची त्याची तीन बोटं

सुईवाल्या मावशींना न्यायला अंतराळ केंद्राची गाडी सकाळी नऊलाच दारात येऊन उभी राहिली. मावशी तेव्हा कुंड्यांना पाणी घालत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टरांनी बोलावलंय, असाल तशा या." पण असतील तशा जाणाऱ्यातल्या मावशी नव्हत्याच. त्यांनी कपडे बदलले, केस विंचरले आणि अंगावर टोचून दुखणं उतरवायच्या सुयांची पितळी डबी पिशवीत टाकली. तिचा आज काही उपयोग नव्हता. पण चाळीस वर्षांत त्या डबीशिवाय त्या एकाही दुखणेकऱ्याकडे गेल्या नव्हत्या, आज ती घरी ठेवायला मन धजेना.

आजची दुखणेकरी त्यांची सख्खी भाची होती, आणि ती होती जमिनीपासून चारशे किलोमीटर वर.

भाचीला घरात मुंगी म्हणत. चणीने लहान, हातपाय त्याहून लहान, आणि एका जागी बसेल तर शपथ. तिची आई कारखान्यात पाळीवर जायची, म्हणून पोर वाढली ती मावशींच्या दवाखान्यामागच्या खोलीत. बसमध्ये बसलं की तिसऱ्या वळणाला मुंगी पांढरीफटक पडायची. मग मावशी म्हणायच्या, "चल, पाहुणे निजव." मनगटाची घडी म्हणजे उंबरा. त्या उंबऱ्याला लागून एका हाताची मधली तीन बोटं दुसऱ्या हातावर, आतल्या बाजूने, आडवी ठेवायची, हे झाले निजलेले पाहुणे. ते संपतात तिथे, कातडीखालच्या दोन ताठ दोऱ्यांच्या मधोमध अंगठा दाबायचा, म्हणजे चौथ्या पाहुण्याने दार वाजवायचं. दार वाजवता वाजवता मुंगी घरापर्यंत कोरडी पोचायची. निदान बहुतेक वेळा.

बस न सोसणारी ही मुलगी पुढे अवकाशात जायला निघाली, तेव्हा तिची आई म्हणाली होती, "पाण्याला भिणारी नावाडी व्हायला निघालीय." मावशी मात्र म्हणाल्या, "जाऊ दे गं. वर वळणं कुठे असतात?"

वळणं नसली तरी मळमळ असते, हे त्यांना दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या डॉक्टरांकडून कळलं. वर गेलं की कानातला तोल बावचळतो, अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, नाक चोंदतं, पाठ ताणली जाऊन दुखते. औषधं होतीच, पण त्यांनी झोप येते. म्हणून डॉक्टरांनी निरनिराळ्या उपचारांची जाणती माणसं बोलावली, त्यात मावशीही होत्या. सुयांचा विचार पहिल्याच बैठकीत बारगळला. एखादी सुई निसटून खोलीभर तरंगत राहिली तर कुणाच्या डोळ्यात जाईल, नेम नाही. मग पाठीसाठी गुडघे पोटाशी घेऊन दोरीने बांधून झोपायचं ठरलं, श्वासाचे व्यायाम ठरले, आणि मळमळीसाठी मनगटावर पट्टा, त्यात टेकणारं एक टणक बटण. जागा कोणती, ते मावशींनी डॉक्टरांच्याच हातावर दाखवलं होतं.

आणि आता मुंगी वर जाऊन तीन दिवस झाले होते. तीन दिवस तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं.

केंद्रातल्या बोलायच्या खोलीत एक मोठा पडदा, दोन खुर्च्या आणि निवून गेलेला चहा होता. डॉक्टर दारासारखे रुंद आणि पंजा सुपाएवढा. त्यांनी मावशींना खुर्ची दिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "उद्या सकाळी यानाबाहेर जाऊन अडकलेला पंखा उघडायचाय. ऊन झेलून वीज करतो ना, तो. मुंगीने दोन वर्षं त्याचाच सराव केलाय. पण शिरस्त्राणात उलटी झाली तर श्वास कोंडतो. इंजेक्शन द्यावं तर ती पेंगेल. आज चारला मला सांगायचंय, ती जाणार की दुसरा कुणी."

"आणि दुसरा गेला तर?"

"ही पुन्हा कधी जाईल, सांगता येत नाही. रांग मोठी आहे, मावशी."

पडद्यावर मुंगी आली. चेहरा पावासारखा फुगलेला, डोळे बारीक, केस चारी दिशांना.

"माऊ, तू कशाला आलीस गं?"

"तुझं रूप बघायला. आरशात बघितलंस का? गालांना भाडेकरू आलेत."

मुंगी हसली, आणि लगेच तोंडावर हात दाबून थांबली. पिशवी जवळच होती. मावशींनी मान वळवली नाही, चाळीस वर्षांत असलं पुष्कळ पाहिलेलं. त्या बघत होत्या तिच्या मनगटाकडे.

"हात पुढे आण. आणखी. अगं, हे बटण कोपराला भेटायला निघालंय की काय?"

"जागेवर आहे माऊ. खूण करून शिवलंय. मी एकदाही हलवला नाही पट्टा."

मावशी डॉक्टरांकडे वळल्या. "हे माप कुणाच्या हाताचं?"

"माझ्या. तुम्हीच नाही का दाखवलंत? तीन बोटं. मी लगेच मोजलं, साडेपाच सेंटिमीटर. सगळ्यांचे पट्टे तसेच शिवलेत, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही." डॉक्टरांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

मावशींनी डोळे मिटून घेतले. त्यांना शिकवणाऱ्या बाई आठवल्या, खिडकीपाशी बसणाऱ्या, हातात लाकडी पट्टी. पहिल्याच महिन्यात मावशींनी एका पैलवानासारख्या माणसाच्या हातावर स्वतःची बोटं ठेवून जागा शोधली होती, आणि पट्टी बोटांवर बसली होती. "तुझी बोटं तुझ्यापाशी ठेव! दुखणं त्याचं, अंग त्याचं, तर मापही त्याच्याच बोटांचं." त्यानंतर ही गोष्ट इतकी अंगात मुरली, की ती कुणाला सांगावी लागते हेच मावशी विसरल्या. पोहणारा दुसऱ्याला पाणी ओलं असतं असं थोडंच सांगतो?

"डॉक्टर, चूक माझी," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातावर तुमची बोटं ठेवली, ते बरोबर. पण तिच्या हातावर तिचीच हवीत, हे बोलायचं राहिलं. बाकीच्यांचे हात तुमच्यासारखे दांडगे, त्यांचं भागलं. हिची बोटं सशाची." मग पडद्याकडे वळून, "मुंगी, पट्टा काढ. पाहुणे निजव."

मुंगीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मला कसं नाही सुचलं?"

"केंद्राचा पट्टा म्हटल्यावर तू कशाला शंका घेशील? लहानपणी माझ्याशी मात्र हुज्जत घालायचीस."

"थांबा, पट्टा असा मधेच काढता येत नाही. त्याला फॉर्म आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग तुम्ही भरा फॉर्म. तोवर ती काढते."

मुंगीने इवलीशी तीन बोटं मनगटावर ठेवली. अंगठा टेकला तो बटणाच्या खुणेपासून चांगला बोटभर अलीकडे. मावशी हळू आवाजात श्वास मोजून देऊ लागल्या. अर्धा तास काहीच झालं नाही. मुंगीने आणखी एकदा पिशवी घेतली. मावशींनी आवाज मात्र बसमधलाच ठेवला. पुढे कधीतरी मुंगीचे खांदे सैल पडले.

"माऊ," अखेर ती म्हणाली, "भूक लागलीय गं."

डॉक्टरांनी तिला एक बिस्किट खायला लावलं, मग दुसरं, मग पाणी. तीनला तिला मान गरागरा फिरवायला सांगितलं, नंतर हवेतल्या हवेत चार कोलांट्या. चौथ्या कोलांटीला ती उलटी लटकूनच विचारती झाली, "पाचवी मारू?"

चारला दहा मिनिटं असताना डॉक्टरांनी सही केली. पेन खाली ठेवून म्हणाले, "खरं सांगू का मावशी? आजचा चौथा दिवस. काहींचं या सुमाराला आपोआपही थांबतं. तुमच्या अंगठ्याने की दिवसांनी, मी छातीठोक सांगणार नाही."

"नका सांगू. मला कुठे हार घालून घ्यायचेत? पोरगी बाहेर जातेय ना, झालं तर."

डॉक्टर हसले आणि त्यांनी पट्ट्याचा फॉर्म पुढे ओढला. "हे दुरुस्त करू. अंतर काय लिहू?"

"ज्याची त्याची तीन बोटं."

"या रकान्यात आकडा लागतो हो."

"मग तीन लिहा."

दुसऱ्या दिवशी मावशी त्याच खुर्चीत होत्या, शेजारी मुंगीची आई, एकमेकींचे हात घट्ट धरून. पडद्यावर पांढऱ्या जाड पोशाखातलं ते बुटकं माणूस तासाभरापासून एका बिजागरीशी झटत होतं. पोशाखाच्या आत तिने रात्रीतून उसवून पुन्हा शिवलेला पट्टा होता, तिच्या मापाचा. एकदम पंखा सरकला, उलगडला, आणि खोलीतली सगळी माणसं एकदम बोलू लागली. आईला तर रडू की हसू, कळेना.

पडद्यावरच्या मुंगीने डावा हात वर केला आणि हातमोज्यातली तीन बोटं त्यावर आडवी टेकवली.

"माऊ, बघतेयस ना? आजचे पाहुणे फार जाडे आहेत गं! उंबऱ्यावर मावतच नाहीत."

"मग त्यांना उभंच राहू दे," मावशी ओरडल्या. "आणि तू आत ये आता, मुकाट्याने!"