गुलंदामचे न संपणारे सलाम

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझी जाळी चेपली आहे, मानेला चिकटपट्टी आहे. पण मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात माझ्याइतक्या भाषा कुणी ऐकल्या असतील, तर दाखवाच!

कारखान्यातून मी आलो तो थेट फिलोमेनाबाईंच्या ओठांपुढे. त्या माल्टाच्या. शनिवारी त्या माल्टीजमध्ये बोलू लागल्या की फोनला उसंत नसे. कुणाचं बारसं, कुणाच्या गावजत्रेतला बँड, सगळं मला ठाऊक. माझ्या आवाजाचं तेव्हा कोण कौतुक!

मग आली गुलंदाम, उत्तर अफगाणिस्तानातली उझबेक मुलगी. तिची आई इथे आल्यापासून दिवसभर गप्प बसे. आईच्या कानांवर आपली भाषा पडावी, एवढंच तिला हवं होतं. व्यवस्थापक नोएल म्हणाला, "फिलोमेनाच्या आधीचा एक तास देतो. एका तरी उझबेक श्रोत्याचा फोन आला पाहिजे. नाहीतर तास दुसऱ्याला."

फिलोमेनाबाई नकाशापाशी गेल्या. "कुठंकुठं बोलतात गं तुझी भाषा?"

गुलंदामने तळहात टेकवला. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किर्गिझस्तान, अफगाणिस्तानचा उत्तर भाग... हात पुरेना.

"अगंबाई! माझा देश तर अंगठ्याखाली झाकला जातो. पण इथं बघ, पाववाला माझा, खाटीक माझा, चर्चमधली अर्धी बाकं माझी! तुझं इथं कोण?"

"आई," गुलंदाम म्हणाली. "आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, डँडेनाँगकडे काही घरं आहेत म्हणतात, आपा."

लाल दिवा लागला. माझी तार न् तार थरारली! गुलंदामने सलाम केला. बरे आहात ना? मुलंबाळं बरी? आईवडील? शेजारीपाजारी? घरात शांतता? त्यांच्यात चौकशी अशीच लांबते. ती आटोपती घेणं म्हणजे उद्धटपणा. तास सरत चालला. काचेपलीकडून नोएल हातवारे करू लागला.

फोन खणखणला! नोएलने झडप घातली. माल्टीज आजीबाई होत्या. "फिलोमेनाला विचार, ही पोर कोण? एक अक्षर कळत नाही, पण बोलते गोड!"

"हा फोन मोजणीत धरायचा नाही," फिलोमेनाबाईच म्हणाल्या. "हा माझ्या घरचा."

अखेर गुलंदाम म्हणाली, "आता तुम्ही बोला."

आणि काय सांगू, फोन नुसता नाचू लागला! पहिला आवाज एका चिडलेल्या म्हाताऱ्याचा. "पोरी, केव्हाचा उत्तरं देतोय मी रेडिओला! गुडघ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं. तू थांबशील तर ना!"

"वेळ संपली," नोएल म्हणाला.

"माझा तास दे तिला," फिलोमेनाबाईंनी ठणकावलं. "तोडशील तर याद राख!"

पुढचा आवाज मला अनोळखी होता. गुलंदामचे मात्र डोळे भरले. "पोरी, त्या आजोबांना विचार ना, कुठल्या गावचे ते?" तिची आई विचारत होती.

आता नवा मायक्रोफोन आला आहे आणि मी फडताळात धूळ खातो. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या शेजारी आपल्या भाषेचं एकटंच असलेलं कुणी माणूस राहायला आलं, तर त्याला जरा निवांत बोलू द्या. त्याचं सगळं विचारून झालं की उत्तरही द्या.