एका ‘म’चा कोल्हा

माझ्या आजोबांची, पापिकची, टोपी उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. भुवयांपर्यंत ओढलेली काळी टोपी. चर्चमध्येसुद्धा तीच. पाद्री खेकसायचा, “मखितार, देवासमोर तरी डोकं उघडं कर!” पापिक म्हणायचा, “देवाने आतून पाहिलंय, बाहेरून काय बघायचंय त्याला?”

शिराक प्रांतातलं आमचं गाव आम्हाला अघ्वेसेंत्स म्हणतं, म्हणजे कोल्ह्याच्या घरचे. का, तर आमच्या कुठल्याशा पूर्वजाने म्हणे कोंबड्या चोरल्या. कुणाची कोंबडी हरवली की आजही पहिली नजर आमच्या अंगणात. लग्न असो, मयत असो, दोन पेले पोटात गेले की तोच विनोद. पापिक हसायचा नाही, चिडायचाही नाही. टोपी आणखी खाली ओढायचा.

म्हणून त्याला राजधानीत, येरेवानला, बोलावताना मी शब्द दिला होता, “तिथे तुला कुणी हसणार नाही. माझ्या कंपनीतली माणसं शिकलेली आहेत.” शिकलेल्या माणसांवर इतका विश्वास मी परत कधी ठेवणार नाही.

मी संगणकावरच्या खेळाचा मजकूर लिहिते. राज्यं, लढाया, राजे, धर्म असला खेळ. आमच्या मालकाने, तोर्निकने, हा खेळ रागातून काढला आणि तो राग मला पटला होता. एका परदेशी खेळात त्याने आपल्या देशाचं चर्च पाखंडांमध्ये टाकलेलं पाहिलं. ग्रीकांच्या खाली, चिखलाच्या रंगात. “आपण बाप्तिस्मा घेतला तेव्हा यांचे राजे झाडापुढे बोकड कापत होते,” तो टेबल बडवून म्हणायचा, “आणि आपण पाखंडी?”

तोर्निकच्या खेळात आपलं चर्च जर्दाळूच्या रंगाचं. ग्रीक जांभळे, लॅटिन पिवळे, असिरियन हिरवे. प्रत्येकाला आपली घंटा, आपले उपास, आपला धर्मगुरू. आणि प्रत्येकाच्या खाली ज्याचे त्याचे पाखंडी. आपल्या खाली तोंद्राकवाले. हजार वर्षांपूर्वीची आपलीच शेतकरी माणसं. देवाला हाक मारायला मध्ये दलाल कशाला, एवढंच विचारत होती. पाखंड्यांच्या बाजूने खेळताच येत नव्हतं. त्यांनी फक्त उगवायचं आणि खेळणाऱ्याने त्यांना उपटायचं.

“यांच्याकडून कोण खेळणार?” मी विचारलं होतं.

“नुनुफार जान,” तोर्निक म्हणाला, “हरलेल्यांकडून कोण खेळतं?”

तेव्हाच कळायला हवं होतं.

तोंद्राकवाल्यांना चिन्ह हवं होतं. आमची चित्रं काढते ती शोघेर. तिला एका जुन्या पोथीत त्यांच्यासाठी शब्द सापडला, अघ्वेसद्रोश. अघ्वेस म्हणजे कोल्हा, द्रोश म्हणजे झेंडा. कोल्ह्याच्या झेंड्याचे लोक! तिने असा गोड कोल्हा काढला की विचारू नका. शेपटीत तोंड घालून झोपलेला. खेळात पाखंड माजलं की गावावर त्याचा झेंडा चढे, सनई वाजे. खेळ तपासायला बोलावलेली पोरंटोरं त्या झेंड्यासाठी मुद्दाम पाखंड माजू देऊ लागली.

विक्री सुरू व्हायच्या आधी तोर्निकने शहरात मोठा मेळा भरवला. मी पापिकला बसथांब्यावरून घेऊन आले. त्याने कोट झटकला, बूट पायजम्यावर पुसले. दारात शोघेर लाकडी शिक्का घेऊन उभी. येईल त्याच्या कपाळावर लाल शाईचा कोल्हा. “झालात पाखंडी! अभिनंदन!” लोक हसत होते, फोटो काढत होते. हे शिक्क्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

“अहो पापिक जान, इतका देखणा पाखंडी आणि तोंड झाकून?” असं म्हणत तिने टोपी उचललीसुद्धा. आणि ठप्.

लोकांनी टाळ्या पिटल्या.

पापिकचा हात कपाळाकडे गेला आणि वाटेतच थांबला, पुढे निखारा असल्यासारखा. टोपीखालचं कपाळ लहान मुलासारखं गोरं होतं. ऊनच न लागलेलं. त्याच्या मध्यावर तो लाल कोल्हा.

“तू सांगितलंस यांना?” त्याने मला विचारलं.

“काय सांगितलं, पापिक?”

“आपल्या घरचं.”

“कोंबड्यांचं? नाही, शपथ!”

“कसल्या कोंबड्या!” तो इतक्या हळू बोलला की मला कान जवळ न्यावा लागला. “माझ्या आज्याने मरताना मला सांगितलं होतं. पाद्र्यांनी लोखंड तापवलं आणि आपल्या तोंद्राकवाल्या पूर्वजांच्या कपाळावर कोल्हा उमटवला. दिसला की लोकांनी जनावरासारखं हाकलावं म्हणून. कोंबड्यांची गोष्ट मग आपणच उठवली. चोर म्हटलं तर जगू देतात. आजा म्हणाला, कपाळ कुणाला देऊ नकोस.”

मी शोघेरला म्हटलं, “तो शब्द दाखव.”

तिने फोनवर पोथीचं पान काढलं. जुन्या पोथ्यांत ओळ शब्दाच्या मधेही मोडते. अघ्वेसद्रोश ओळीच्या टोकाला होता आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा, पोरका ‘म’.

द्रोश नव्हे. द्रोश्म. झेंडा नव्हे, ठसा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर पवित्र तेल लावतात, त्यालाही आपण द्रोश्मच म्हणतो. शब्द तोच, कपाळ तेच. एकाला तेल, दुसऱ्याला तापलेलं लोखंड.

“अरे देवा,” शोघेर म्हणाली आणि जमिनीवरच बसली. “सकाळपासून मी हे करतेय. लहान लहान मुलांना...”

तोर्निक गर्दीतून धावत आला. “काय झालं? आजोबांना पाणी द्या कुणीतरी.” मी त्याला तो ‘म’ दाखवला. तो दचकला नाही. मला धडकी भरली ती तेव्हा.

“तुला ठाऊक होतं?”

“वसंतात कळलं. एका प्राध्यापकाने फोन केला होता.”

“मग?”

“मग काय? तोवर कोल्हा सगळ्यांना आवडला होता. हजार वर्षं झाली गं. आणि शेवटी ते पाखंडीच होते ना?”

“तुला परक्यांनी पाखंडी म्हटलं तर तू अख्खा खेळ उभा केलास!”

“ते वेगळं. आपलं चर्च खरं आहे.”

“ग्रीकही हेच म्हणायचे, गाढवा!”

एवढ्यात पापिक वाकला आणि खाली पडलेला शिक्का त्याने उचलला. उलटसुलट करून पाहिला.

“अक्रोडाचं लाकूड?” त्याने तोर्निकला विचारलं.

“हो, पापिक जान. माफ करा, या पोरीने...”

“काम सफाईदार आहे. मालक तू ना? मग तुझं कपाळ कोरं कसं? वाक जरा.”

तोर्निक हसला. “मला कशाला?”

“शाईच आहे, बाळा. धुतली की जाते.”

“आता बिशप येतायत, आशीर्वाद द्यायला. टीव्हीवाले येतायत...”

“मग तर हवाच.” पापिकने हात पुढे केला.

तोर्निक मागे सरकला. पापिक एक पाऊल पुढे, तो एक पाऊल मागे, असं करत त्याची पाठ भिंतीला लागली. त्याने दोन्ही तळव्यांनी कपाळ झाकलं. एवढा धिप्पाड माणूस, पाण्याने जाणाऱ्या शाईला भिऊन! हसू थांबलं होतं. लाल कोल्हे लावलेली सगळी कपाळं त्याच्याकडे वळली होती. एक बाई थुंकी लावून आपल्या मुलीचं कपाळ खसाखसा पुसू लागली.

“बघ,” पापिक मला म्हणाला, “कपाळ कुणाला द्यायचं नसतं, हे मालकालाही ठाऊक आहे.”

त्याने शिक्का शोघेरच्या हातात ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून तोर्निकच्या पायाशी टाकलं. पापिकची टोपी उचलली, झटकली, त्याच्यापुढे धरली.

“पापिक, मी शब्द दिला होता...”

त्याने टोपी घेतली, घडी केली आणि कोटाच्या खिशात घातली.

बाहेर लख्ख ऊन. बसपर्यंत तो तसाच चालला, उघड्या डोक्याने, कपाळावर कोल्हा घेऊन. लोक वळून वळून बघत होते. कोपऱ्यावरच्या जर्दाळूवाल्याने तर हाकच मारली, “ओ पापिक, कपाळावर कोल्हा कसला? कोंबड्या चोरल्या की काय?”

मी शिवी द्यायला तोंड उघडलं. पापिकने माझा हात दाबला.

“नाही रे,” तो म्हणाला. “देव चोरला होता.”